न्याय कशाचा : माणसाचा कीं कृत्याचा?

'कोणाचाही न्याय करूं नये' हें वाक्य अलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गांत फार रूढ झालें आहे. तें उच्चारणाऱ्याच्या मुद्रेवर एक प्रकारचें उदार समाधान दिसतें, आणि ऐकणाराही मान डोलावितो. कारण या वाक्यास विरोध करणें म्हणजे स्वतःच्या मनाचा कोतेपणा कबूल करणें, असा समज पसरलेला आहे. आम्हांस हा समज मान्य नाहीं. हें वाक्य खोटें आहे, इतकेंच नव्हे तर अपायकारक आहे. आणि ज्या खऱ्या दोषावर उतारा म्हणून तें पुढें केलें जातें, तो दोष त्याच्याच आडोशाला सुखानें नांदत असतो, असें आमचें म्हणणें आहे.

खोटें अशासाठीं कीं, न्याय केल्यावांचून संसारी मनुष्यास एक दिवसही काढतां येत नाहीं. भाडेकरू ठेवतांना, मुलीसाठीं स्थळ पाहतांना, सभेंत मत देतांना, मोलकरणीच्या हातीं घराची किल्ली सोंपवितांना आपण माणसें पारखीतच असतों. डोळा उघडा असला म्हणजे दिसावयाचें राहत नाहीं. तशीच बुद्धि जागी असली म्हणजे ती निवड केल्यावांचून राहत नाहीं. अपायकारक अशासाठीं कीं, दोन पक्ष असमान असतां जो न्याय करण्याचें नाकारतो, त्याचा निकाल बलिष्ठाच्याच पदरांत पडतो. शेजारच्या घरांत सुनेला मारहाण चालली आहे, भिंतीपलीकडून तिचें ओरडणें ऐकूं येत आहे, आणि आपण 'दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी. आपण कोण न्याय करणार?' असें म्हणून खिडकी लावून घेतों. त्या वेळीं आपण तटस्थ राहिलों असें आपणांस वाटतें. मारणाऱ्यास मात्र आपल्या निकालाचा अर्थ बरोबर कळतो.

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें तो न्याय करण्यांत नसून, न्यायाचा विषय बदलण्यांत आहे. अमक्यानें अमुक गोष्ट केली काय, हा एक प्रश्न. अमका कसला माणूस आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुराव्यानें देतां येतें आणि पुराव्यानेंच खोडतां येतें. त्यास स्थळ असतें, काळ असतो, पाहणारे असतात. दुसऱ्याचें उत्तर आपल्या मनांत बहुधा आधींच तयार असतें. तें त्या माणसाच्या आडनांवावरून, कपड्यांवरून, बोलण्याच्या ढबीवरून, त्याच्या वस्तीवरून बनलेलें असतें. आपण पहिला प्रश्न विचारतों आणि दुसऱ्याचें उत्तर देतों. आणि हा बदल इतक्या सफाईनें होतो कीं, तो करणाऱ्यासही कळत नाहीं.

या कामासाठीं आपल्या भाषेनें एक शब्दच राखून ठेवला आहे. तो शब्द 'तसला'. आणि त्याहूनही अधिक वेळां, 'तसली'. व्याकरणांत हें सार्वनामिक विशेषण. आधीं सांगितलेल्या एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवावें, हें त्याचें काम. परंतु 'ती बाई तसलीच आहे' असें जेव्हां म्हटलें जातें, तेव्हां आधीं कांहींच सांगितलेलें नसतें. बोट पोकळींत रोखलेलें असतें, आणि त्या पोकळींत ज्याला जें भरावयाचें तें तो भरतो. एखाद्यास चोर म्हटलें तर त्याला 'मीं काय चोरलें?' असें विचारतां येतें. 'तसली' म्हटलेल्या स्त्रीनें काय विचारावें? जो आरोप शब्दांत मांडलाच गेला नाहीं, त्याचें निरसन करणें ब्रह्मदेवालाही शक्य नाहीं. येथें आरोपपत्र नाहीं, साक्षीपुरावा नाहीं. शिक्षा तेवढी पूर्ण वसूल होते.

कोणी म्हणेल कीं, ओसरीवरच्या गप्पांतील एका शब्दास एवढें महत्त्व कशाला? त्यास उत्तर म्हणून आम्ही आमच्या विदर्भांतील एका खटल्याकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ओसरीवरचा हा शब्द न्यायासनापर्यंत कसा चढला, याची ती नोंद आहे.

दिनांक २६ मार्च १९७२ च्या रात्रीं देसाईगंज येथील पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीस चौकशीसाठीं बोलावलेलें होतें. हें गांव तेव्हां चंद्रपूर जिल्ह्यांत होतें. १९८२ सालीं जिल्ह्याची विभागणी झाल्यापासून तें गडचिरोलींत मोडतें. मुलीस आईबाप नव्हते. ती भावाजवळ राहून मोलमजुरी करीत असे. वैद्यकीय तपासणींत तिचें वय चौदा ते सोळा ठरलें. एका तरुणाशीं तिचें मन जुळलें होतें, आणि त्याच्या घरच्यांनीं तिला पळवून नेल्याची फिर्याद भावानेंच दिली होती. जबाब घेऊन झाले, रात्रीं साडेदहाच्या सुमारास मंडळी निघाली, तेव्हां मुलीस मागें थांबविण्यांत आलें. तिचीं माणसें बाहेर वाट पाहत राहिलीं. आंत अंधार झाला, दार बंद झालें. ती बाहेर आली तेव्हां, जमलेल्या लोकांसमोर, एका शिपायानें आपल्यावर बलात्कार केला असें तिनें सांगितलें. त्या शिपायावर व एका हवालदारावर खटला झाला.

न्यायालयापुढें प्रश्न एवढाच होता कीं, त्या रात्रीं त्या बंद दाराआड जें घडलें तें मुलीच्या इच्छेनें घडलें कीं इच्छेविरुद्ध. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानें १ जून १९७४ रोजीं दोघांसही निर्दोष सोडलें. मुलगी धक्का बसावा इतकी खोटारडी आहे. तिला पुरुषसंबंधाची संवय होती. तिनें संमति दिली असावी, आणि मागाहून आपल्या प्रियकरापुढें सोज्ज्वळ ठरावें म्हणून बलात्काराचा कांगावा केला असावा, असा त्या निकालाचा आशय आहे. वाचकांनीं हें उत्तर प्रश्नाशीं ताडून पाहावें. विचारलें होतें, काय घडलें? उत्तर आलें, ती कसली आहे! मुलीचें त्या तरुणाशीं प्रेम होतें, यावरून मध्यरात्रीं पोलीस ठाण्यांत एका अपरिचित शिपायास तिनें रुकार दिला असेल, हें अनुमान कोणत्या तर्कशास्त्रांत बसतें? तें फक्त 'तसली' या एका शब्दाच्या तर्कशास्त्रांत बसतें. एकदां ती 'तसली' ठरली म्हणजे एक पुरुष आणि दुसरा पुरुष, घर आणि ठाणें, प्रीति आणि दहशत, हे सारे भेद पुसले जातात.

अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें आलें. १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्या खंडपीठानें हा निकाल फिरवून शिपायास पांच वर्षांची व हवालदारास एक वर्षाची सक्तमजुरी दिली. या न्यायाधीशांनीं मुलीस साध्वी ठरविलें नाहीं. तिच्या शीलाचें प्रमाणपत्र देण्याच्या भरीसच ते पडले नाहींत. त्यांनीं पाहिली ती परिस्थिति. रात्रीची वेळ, पोलिसांचें ठाणें, मुलीला सर्वस्वीं अनोळखी असे दोन पुरुष, आणि दोघांच्याही अंगांत सरकारी सत्ता. अशा ठिकाणीं पुढाकार मुलीचा असणें संभवत नाहीं. आणि धाकापोटीं निमूट राहणें म्हणजे संमति नव्हे, असें त्यांनीं स्पष्ट केलें. प्रश्न जो होता त्याचेंच हें उत्तर होतें. नागपूरकरांनीं सिव्हिल लाइन्समधील त्या इमारतीच्या शिल्पाचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या इमारतींत झालेल्या या निवाड्याचा अभिमान त्याहून अधिक बाळगावा, असें आम्हांस वाटतें.

हा निवाडा टिकला नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १५ सप्टेंबर १९७८ रोजीं दोघांही पोलिसांस मुक्त केलें. न्याय्य बोलावयाचें तर या निकालाचा भर मुलीच्या शीलावर नसून, तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिनें आरडाओरड केल्याचें विश्वासार्ह वाटत नाहीं, यावर होता. तथापि या युक्तिवादाच्या मुळाशींही एक कल्पित स्त्री उभी आहेच. खरोखर अन्याय झालेली स्त्री झगडते, ओरबाडते, किंचाळते. ही तशी वागली नाहीं, म्हणून हिच्यावर अन्याय झाला नाहीं! वर्दीपुढें पंधरा वर्षांच्या पोरक्या मजूर मुलीचा आवाज घशांतच अडकूं शकतो, ही साधी गोष्ट त्या कल्पित स्त्रीच्या चित्रांत कोठेंच बसत नव्हती. सप्टेंबर १९७९ मध्यें उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहून नेमका हाच मुद्दा मांडला : शरण जाणें आणि संमति देणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढल्या वर्षीं देशांतील अनेक शहरांतून स्त्रिया या प्रश्नावर रस्त्यावर आल्या, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यांत असलेल्या स्त्रीशीं संबंध झाल्याचें शाबीत झालें आणि आपली संमति नव्हती असें तिनें न्यायालयांत सांगितलें, तर संमति नव्हती असेंच न्यायालयानें गृहीत धरावें, असा नियम झाला.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप कायदेपंडितांचा. साक्षीदार विश्वासू आहे कीं नाहीं हें न्यायालयानें पाहूं नये काय? अवश्य पाहावें, पण विश्वासूपणा पारखण्याची रीत म्हणजे एक विधान दुसऱ्या विधानाशीं, आणि दोन्हीं विधानें वस्तुस्थितीशीं ताडणें. जी स्त्री विवाहापूर्वीं कोणावर प्रेम करते ती खोटेंही बोलतेच, हा नियम मानवी स्वभावाच्या कोणत्या अभ्यासांतून निघाला? आणि तरीही १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत एक कलम असें होतें कीं, बलात्काराच्या खटल्यांत फिर्यादी स्त्री सामान्यतः अनीतिमान आहे असें दाखवून तिची साक्ष दुबळी करण्याची आरोपीस मुभा असे. 'तसली' या शब्दाचें हें कायदेशीर रूप तब्बल १३० वर्षें जगलें. तें २००२ च्या दुरुस्तीनें गेलें. संमतीचा प्रश्न असतां स्त्रीचें शील किंवा पूर्वसंबंध अप्रस्तुत मानावे, असें २०१३ मध्यें कायद्यांत स्पष्टच लिहिलें गेलें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमानेंही तें कायम ठेविलें आहे. कायदा इतका पुढें गेला. आमच्या दिवाणखान्यांतील संभाषण कोणत्या सालांत आहे, याचा वाचकांनींच विचार करावा.

दुसरा आक्षेप अनुभवी गृहस्थांचा. माणूस पाहिल्यावांचून व्यवहार होत नाहीं. जांवई निवडतांना त्याचें वळण पाहूं नये तर काय पाहावें? हा आक्षेप आम्हांस अर्धा मान्य आहे. पुढें कोणावर किती भरंवसा टाकावा याचा अजमास करणें एक, आणि मागें अमुक कृत्य कोणीं केलें याचा निवाडा करणें निराळें. अजमास चुकला तर आपण सावध होऊन तो बदलतों, आणि त्याचा भार बहुतांशीं आपल्यावरच पडतो. निवाडा चुकला तर भार दुसऱ्यावर पडतो. गेल्या वर्षीं उसने पैसे बुडविणाऱ्यास यंदा पैसे देऊं नयेत, हें शहाणपण. पण यंदा शेजाऱ्याच्या घरीं चोरी झाली ती त्यानेंच केली असें गांवभर सांगत सुटणें, याला शहाणपण म्हणतां येणार नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो आमच्या नागपुरांतलाच आहे. कृत्यें एकेक करून शाबीत करीत बसलें तर सराईत गुंड मोकळे सुटतात आणि गरीब मरतात, असें लोक म्हणतात. आणि १३ ऑगस्ट २००४ चा दाखला देतात. त्या दिवशीं नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या दालनांत, दिवसाढवळ्या, एका कुख्यात गुंडास जमावानें ठार केलें. जमावांत कस्तुरबानगर या गरीब वस्तींतील स्त्रिया मोठ्या संख्येनें होत्या. वर्षानुवर्षें त्याचे अत्याचार आपण सोसले, आणि पोलिसांकडे गेलों तर दाद लागली नाहीं, असें त्या सांगत. त्या स्त्रियांचा निषेध आरामखुर्चींत बसून करण्याची आमची छाती नाहीं. परंतु या घटनेवरून जो धडा काढला जातो तो उलटा आहे. त्या स्त्रिया प्रथम गेल्या त्या कृत्यें सांगावयासच : अमक्या दिवशीं अमुक झालें. त्यांचें म्हणणें खरें मानलें, तर समोरून त्यांस उत्तर मिळालें तें त्यांच्या कृत्यकथनाला नव्हे, त्यांच्या वस्तीला. वस्तींतल्या बायका, त्यांच्या भांडणांत कोण पडतो! म्हणजे कृत्याचा न्याय करून पाहिला आणि तो निरुपयोगी ठरला असें येथें झालेंच नाहीं; तो करण्याचेंच नाकारलें गेलें, आणि त्या नकारांतून तो रक्तपात उद्भवला.

आणि त्यांतून त्या स्त्रियांच्या हातीं काय लागलें? आरोपी मेला म्हणजे त्याच्यावरील खटला संपतो. कोणत्या स्त्रीवर कोणता अत्याचार झाला, कोणाची फिर्याद कोणीं नोंदवून घेतली नाहीं, हें न्यायासनापुढें शाबीत होण्याची वाटच त्या दिवशीं बंद झाली. खुनाच्या आरोपाखालीं ज्यांस उभें केलें तेही २०१४ सालीं पुराव्याअभावीं सुटले. एवढा मोठा अन्याय आणि एवढी मोठी हत्या, दोन्हीं अखेर ऐकीव गोष्टी होऊन राहिल्या. 'तो तसलाच होता' या वाक्यानें नगराचें समाधान झालें. ज्यांनीं त्या फिर्यादींकडे दुर्लक्ष केलें असेल, त्यांनाही हें समाधान सोयीचेंच होतें.

आपल्या इतिहासांत या दोन्हीं रीतींचा नमुना एकाच घटनेच्या निमित्तानें मिळतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनीं चौकशी केली, पुरावा पाहिला, आणि गादीवर बसलेल्या राघोबादादांस तोंडावर दोषी ठरवून पुणें सोडलें. शास्त्रीबोवांची थोरवी त्यांच्या धैर्यांत आहे, असें आपण मुलांस शिकवितों, आणि तें खरेंही आहे. पण त्या धैर्याचा गाभा असा कीं, कृत्य करणारा कोण आहे हें त्यांनीं निकालांत शिरूं दिलें नाहीं. त्याच खुनाविषयीं लोकमानसानें आपला एक निराळा निकाल दिला : आनंदीबाईनें 'ध'चा 'मा' केला. ही हकीकत कोणत्या कागदावरून आली, अक्षर कोणीं पाहिलें, हें विचारणारा शंभरांत एक भेटत नाहीं. बाई महत्त्वाकांक्षी होती, म्हणजे तिनें केलेंच असणार, एवढें पुरे होतें. तो निकाल आज आपल्या भाषेंत वाक्प्रचार होऊन बसला आहे, आणि त्यावर अपील नाहीं. व्यासपीठावर आपण रामशास्त्र्यांचा जयजयकार करतों. घरीं येऊन निवाडे करतों ते 'ध'चा 'मा' करणाऱ्यांच्या पद्धतीनें.

यावर उपाय अवघड आहे काय? निदान अध्यापनाच्या धंद्यांत तरी तो जुना आहे. विद्यापीठाच्या परीक्षेंत उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचें नांव नसतें, क्रमांक असतो. परीक्षक अप्रामाणिक असतात म्हणून हा नियम केलेला नाहीं. प्रामाणिक परीक्षकाच्याही हातून, ओळखीचें हुशार नांव दिसलें कीं अर्धवट उत्तर पुरें वाचलें जातें, आणि नावडतें नांव दिसलें कीं पुरें उत्तर अर्धवट वाटूं लागतें. हें पूर्वींच्या शहाण्यांस ठाऊक होतें, म्हणून त्यांनीं नांव झांकलें. आणि नांव झांकलें म्हणून कोणी गुण देण्याचें सोडलें नाहीं; नापास व्हावयाचा तो नापास होतोच. घरांत व समाजांत न्याय करतांना हेंच करावें. जी गोष्ट ऐकली तिच्यावरचें नांव क्षणभर झांकावें आणि तेथें आपल्या मुलीचें, आपल्या भावाचें नांव घालून पाहावें. निकाल तोच राहिला तर तो बोलून दाखविण्यास भिऊं नये. निकाल बदलला, तर आपण कृत्याचा न्याय करीत नव्हतों हें ओळखून थांबावें. आणि कोणी 'ती तसली आहे' असें म्हटलें तर शांतपणें एवढेंच विचारावें : कसली? काय केलें, केव्हां केलें, कोणीं पाहिलें? आमची खात्री आहे कीं, या तीन प्रश्नांपुढें आमच्या वर्गांतील निम्मीअधिक संभाषणें मध्येंच तुटतील, आणि तीं तुटल्यानें मराठी वाङ्मयाची कांहींच हानि होणार नाहीं.

शेवटीं त्या देसाईगंजच्या मुलीविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. कायद्याच्या ग्रंथांत तो खटला आरोपीच्या नांवानें नोंदलेला आहे. पण लोकांच्या तोंडीं तो मुलीच्याच नांवानें राहिला. आरोपीचें नांव विसरलें गेलें, फिर्यादीचें मात्र नाहीं. म्हणूनच या लेखांत आम्हीं तें लिहिलें नाहीं. तिच्या खटल्यामुळें कायदा बदलला आणि पुढें कित्येकींस त्याचा आधार झाला. परंतु नवा कायदा जुन्या गुन्ह्यास लागू होत नसतो. तिचा स्वतःचा निकाल १९७८ सालीं जो लागला, तोच आजही कायम आहे.